दहा जागांच्या चांदण्या

नीलम्मा दारात आली तेव्हा मी आंघोळीला निघाले होते. सकाळच्या कामात कुणी मधे आलेलं मला खपत नाही, हे तिला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तरी ती हटली नाही. हातात टॉवेलच्या कारखान्याची जाड पिशवी, पिशवीत तीन वह्या आणि एक पुठ्ठ्याची नळी.

"बाई, माझं मोजलेलं खोटं हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"ती विद्यापीठातली पोरगी. श्रावणी. तोंडावर न्हाय म्हणली. म्हणली, 'मावशी, हे मला घेता येत नाही.' घेता येत न्हाय म्हंजे काय? खोटंच की."

मी पंचा खुर्चीवर टाकला आणि तिला आत घेतलं. नीलम्मा चहा नको म्हणाली तेव्हा समजले की प्रकरण गंभीर आहे.

नीलम्मा ही आमच्या मुलींच्या शाळेतल्या प्रयोगशाळेची सेविका. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवत होते. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान; आज तिचं वय अडुसष्ट आहे. वळसंगच्या लिंगायत शेतकऱ्याची मुलगी, सातवीपर्यंत शाळा, माहेरी कानडी, सासरी कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो घरी बसला आणि काही वर्षांनी गेला. ही दिवसा शाळेत परीक्षानळ्या धुवायची आणि संध्याकाळी घरी मोटर लावलेल्या मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायची. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हे काम चालतं. ज्यांनी सोलापूर फक्त चादरीच्या घडीवरच्या शिक्क्यात पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगते: त्या घडीमागे अशा हजार मशीन खडखडत असतात.

पण तिची खरी ओळख वेगळी आहे. ती रीडिंग ओळखायची.

लंबकाचा प्रयोग असतो. वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचं, असं पाच वेळा. मुली दोनदा मोजायच्या आणि उरलेली तीन उत्तरं मनाने लिहायच्या. मी वही तपासून त्यांना पकडू शकत नसे, कारण मनाची उत्तरं नेहमी खऱ्यापेक्षा सुबक असतात. नीलम्मा टेबल पुसतापुसता पकडायची. "ए, लंबक अजून हलतोय, तुझं उत्तर आलं कुटनं?" आणि कुणी शेजारच्या वहीत डोकावली की फडकं आपटून म्हणायची, "शेजारणीचं बघून लिवायचं न्हाय. तिची चूक तिची, तुझी चूक तुझी."

अशा बाईला कुणी 'तुझे आकडे घेता येत नाहीत' म्हणणं म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. तिला पैसे नको होते, नाव नको होतं. आपण मनाने लिहिलं नाही, एवढं तिला कुणीतरी मान्य करायला हवं होतं.

आता ते आकडे कसले, ते सांगते.

२००५ साली विज्ञान प्रदर्शनासाठी मी मुलींना एक काम लावलं होतं. शहराच्या दिव्यांनी आकाश उजळत चाललं आहे, तर ते किती उजळतं हे यंत्राशिवाय मोजायचं कसं? कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या एका कारखानदाराकडून फुकट मिळाल्या. त्यांचे वीतभर तुकडे केले. अमावास्येला, किंवा तिच्या मागेपुढे दोन दिवसांत, म्हणजे चंद्र नसताना, गच्चीवर जायचं. डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग नळीतून आकाशाच्या ठरलेल्या दहा जागा बघायच्या: आठ दिशांना आठ, डोक्यावर दोन. प्रत्येक जागी किती चांदण्या दिसतात ते मोजून बेरीज करायची. आकाश जितकं उजळ, तितक्या फिक्या चांदण्या त्यात बुडतात, आणि बेरीज तितकी घटते. इतकं साधं.

बावीस मुलींनी नळ्या नेल्या. तिसऱ्या महिन्यात मी वह्या गोळा केल्या. नीलम्माने त्या टेबलावर रचल्या, चाळल्या आणि म्हणाली, "बाई, मंगळवारी तर ढग हुता. ह्या पोरींनी चांदण्या कुटनं आणल्या?"

मी प्रकल्प तिथेच बंद केला. रागारागाने नळ्या टाकून द्यायला सांगितल्या. एकवीस टाकल्या गेल्या. बाविसावी नीलम्माच्या घरी गेली, आणि मोजणी चालू राहिली. दर अमावास्येला, वीस वर्षं. पावसाळ्याच्या पानांवर एकच शब्द: ढग. ढग. ढग.

मी मात्र विसरले. पुढे दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि साफ विसरले.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, ती टाळली तर या लिखाणाला अर्थ नाही. २०१३ साली, होळीच्या सुमाराला, नीलम्मा वही घेऊन माझ्याकडे आली होती. "बाई, चांदण्या एकदम कमी झाल्यात. निम्म्याच दिसत्यात." मला बँकेत जायचं होतं. रिक्षा दारात उभी होती. मी चपला घालताघालता म्हणाले, "पंचावन्न उलटली तुझी. डोळे गेले असतील. दाखवून घे." वही मी उघडलीसुद्धा नाही. ती एका शिबिरात गेली. डॉक्टर म्हणाले, कच्चा मोतीबिंदू आहे, अजून अवकाश आहे. तिने त्यातला मोतीबिंदू तेवढा ऐकला, कारण बाईंनी आधीच सांगितलं होतं. महिन्याभरात तिने मशीन सुनेच्या हवाली केलं. टॉवेलची कड वाकडी गेली तर माल परत येतो. आपले डोळे गेले आहेत तर आपण बसू नये, असा तिचा हिशेब. मोजणी मात्र सोडली नाही. "दिसत्यात तेवढ्या लिवायच्या," म्हणायची.

हे सगळं त्या सकाळी माझ्या खोलीत तिने सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, ओघात.

मी श्रावणीला फोन लावला. तिची आई माझी विद्यार्थिनी, म्हणून मला आजी म्हणते. म्हटलं, "संध्याकाळी ये. तुझं ते मोजायचं यंत्र घेऊन ये आणि तोंडही घेऊन ये."

ती आली. चोवीस वर्षांची, केस आखूड, बोलणं सरळ. मला ती पहिल्या पाच मिनिटांत आवडली, म्हणून अधिकच राग आला. तिचं काम असं: जिल्ह्यात रात्रीचं आकाश कुठे किती उजळ आहे ते मोजायचं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र आहे, ते आकाशाकडे धरून बटण दाबलं की आकडा येतो. माप उलटं आहे: आकडा मोठा म्हणजे अंधार जास्त. सोलापुरात अठराच्या आसपास, दूर माळावर एकवीसच्या जवळ. हे यंत्र तिच्याकडे आलं दोन वर्षांपूर्वी. त्याआधी इथलं आकाश कसं होतं, हे सांगणारं तिच्याजवळ काही नव्हतं. तिच्या आईने नीलम्माचं नाव सुचवलं. पोरीने वह्यांच्या प्रत्येक पानाचे फोटो काढले, आठ दिवस आकडे भरले आणि रेघ काढली.

तिने लॅपटॉप माझ्यापुढे केला. "तुम्हीच बघा, आजी."

रेघ २००५पासून सपाट चाललेली, एकशे दहाच्या आसपास. २०१२चा पावसाळा आला. चार महिने ढग. पावसाळा संपला आणि रेघ कड्यावरून खाली पडल्यासारखी पन्नासवर. तिथून हळूहळू उतरत आता सव्वीस.

"आकाश असं पायरी उतरत नाही, आजी. दिवे वाढतात तसं ते उताराने उजळत जातं. पायरी दिसली की मोजणारं माणूस बदललेलं असतं, नाहीतर मोजायची पद्धत. आणि हे बघा," तिने बोट ठेवलं, "दर हिवाळ्यात एक आकडा उडी मारून दीडशे-दोनशेवर जातो. दरवर्षी. एकदाच. मी मावशींना खोटं म्हणाले नाही. वापरता येत नाही एवढंच म्हणाले."

"तिला दोन्ही एकच," मी म्हणाले. पण मुलगी बरोबर होती. माझ्या वर्गातल्या कुणी अशी रेघ आणली असती तर मी वही परत फेकली असती.

नीलम्मा भिंतीशी बसली होती. तिला रेघ वाचता येते. तीस वर्षं फळ्यावर पाहिल्या होत्या.

मी म्हटलं, चला, एकेक करून बघू. प्रयोग चुकला तर आधी साहित्य तपासतात.

नळी बदलली का? नीलम्माने पिशवीतून काढली. शाळेचा शिक्का पुसट, पण आहे. तोंडाला दोऱ्याचा वेढा, फाटू नये म्हणून. आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने काढलेलं वर्तुळ. पहिल्याच दिवशी नळी कागदावर उभी करून तिने तोंड गिरवून ठेवलं होतं. श्रावणीने नळी वर्तुळावर ठेवली. बरोबर बसली. पोरीचा चेहरा थोडा बदलला.

"मग डोळे," मी म्हणाले. ते म्हणताना मला बरं वाटत नव्हतं, पण दुसरं काय उरलं होतं?

"डोळे असतील तर ह्या उड्या कशा?" श्रावणी म्हणाली. "डोळे गेले तर दोनशे दिसतीलच कसे? २०१२च्या आधी दोनशे चार, दोनशे एक. २०१३नंतरही एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे दोन. मावशी, ह्या एकाच दिवशी असं काय व्हायचं?"

नीलम्माने वहीतली तारीख वाचली आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं मुलीने सूर्य कुठे उगवतो विचारलं आहे.

"येळवस की."

"म्हणजे?"

"येळामावस्या, गं. शेतात जातात ती. अंबील, भज्जी, उंडे. तुमच्यात करत न्हाईत व्हय?"

मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या ब्राह्मणांच्या घरी तिचं काही नसतं. मलाही निमंत्रणावर जेवायला जाण्यापुरतीच ठाऊक. पण दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडची माणसं त्या दिवशी गावात सापडायची नाहीत. सगळी शेतात. नीलम्मा दरवर्षी वळसंगला भावाच्या शेतावर जाते. नळी घेऊन जाते. त्या महिन्याची मोजणी तिथेच होते.

"मग तसं लिहिलं का नाहीस? 'वळसंग' म्हणून?" मी ओरडलेच.

"तारीख लिवली हाय की, बाई. येळवशीला माणूस कुटं असतंय? शेतातच असणार."

श्रावणी हसली. मला हसू आलं नाही. मी तो आकड्यांचा रकाना पुन्हा बघत होते. शहरात निम्म्याने घट झाली, तेव्हा त्याच हिवाळ्यात त्याच बाईने त्याच नळीतून वळसंगला दोनशेच चांदण्या मोजल्या होत्या. डोळे ठणठणीत होते. २०१३च्या होळीला तो आकडा त्याच वहीत लिहिलेला होता. मी चपला काढून दोन पानं उलटली असती तरी दिसला असता.

"नीलम्मा," मी म्हणाले, "तुझे डोळे गेले नव्हते."

"न्हाईत?"

"नाहीत. मी न बघता बोलले."

तिने नळी हातात फिरवली. मग म्हणाली, "मी म्हणलं, गावाकडची हवा चांगली, म्हणून दिसत असतील." एवढंच. बारा वर्षांच्या मशीनबद्दल एक शब्द नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

पण पायरी तशीच होती. नळी तीच, डोळे तेच, मग चांदण्या गेल्या कुठे?

पुढच्या अमावास्येला मी आणि श्रावणी नीलम्माच्या घरी गेलो. अक्कलकोट रोडकडची गल्ली, खाली यंत्रमागांचा आवाज, वर दोन खोल्या. सून महेश्वरी मशीनवर होती. तिच्या बाजूला शिवलेल्या टॉवेलचा ढीग तिच्या डोक्याएवढा. मशीनची सुई तुटली तशी तिने नवी लावली आणि ओवायचा दोरा सासूपुढे धरला. बहुधा वळसंगचा किस्सा घरात पोचला होता. नीलम्माने चष्मा चढवला आणि पहिल्या फटक्यात दोरा पार केला. "बघा बाई, आणि बारा वर्सं मी ओवतेय," महेश्वरी म्हणाली. सासवासुनांच्या घरात यापेक्षा मोठा पुरावा मिळत नाही.

आठ वाजता गच्चीवर गेलो. गल्लीतला नवा पांढरा दिवा थेट गच्चीच्या उंचीवर होता. निम्मा उजेड रस्त्यावर पडत होता आणि निम्मा आमच्या तोंडावर. नीलम्मा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसली. वीस मिनिटं डोळे मिटून. मग उठली, नळी लावली आणि कानडीत मोजायला लागली: "ओंदु, एरडु, मूरु..." तिसऱ्यावर थांबली. दुसऱ्या जागी दोन. पूर्वेला एक. दहा जागा झाल्या, बेरीज पंचवीस. श्रावणीच्या यंत्राने अठरा पूर्णांक एक दाखवलं.

महेश्वरी कपडे काढायला वर आली होती. जाताजाता म्हणाली, "अत्तीला आता मुद्दाम वेळ काढून यावं लागतंय. पयलं बरं हुतं. लाईट गेली की मशीन बंद, की अत्ती नळी घिऊन वर." अत्ती म्हणजे सासू.

मी वळले. "काय म्हणालीस?"

"लोडशेडिंग हो, बाई. तवा रोज जायची की लाईट."

"नीलम्मा, तू लाईट गेल्यावर मोजायचीस?"

"मग?" नीलम्मा चकित झाली. "लाईट असताना चालू मशीन सोडून चांदण्या मोजायला कोण येतं? हात रिकामा कवा, तर लाईट गेल्यावरच. सगळी गल्लीच वर यायची, उकाड्यानं."

श्रावणी दोन दोन पायऱ्या उतरत खाली वह्या आणायला धावली.

वहीत वेळेचा रकाना होता. तो आम्ही दोघींनी बघितला होता आणि त्यात काही पाहिलं नव्हतं. २०१२पर्यंत वेळ कधी सव्वासात, कधी साडेनऊ, कधी पावणेआठ. कसलाच मेळ नाही. त्यानंतर प्रत्येक पानावर आठ. २०१२च्या त्या पावसाळ्यात त्यांच्या भागातलं भारनियमन संपलं होतं. चार महिने ढगांमुळे मोजणी नव्हती. ढग सरले तेव्हा लाईट जाणं थांबलेलं, म्हणून तिने रोजचं मशीन आटोपून आठ वाजता वर यायला सुरुवात केली. आधीचे सगळे आकडे आजूबाजूच्या चारपाच पेठा काळोखात असतानाचे. नंतरचे सगळे लखलखाटातले. पायरी आकाशाची नव्हती, विजेची होती.

"पण हे सिद्ध कसं करायचं?" श्रावणी म्हणाली. "आठवणीवर मला लिहिता येणार नाही."

"आटवण कशाला?" नीलम्माने पहिल्या वहीचं खाकी वेष्टन काढलं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राची कात्रणं खळीने डकवलेली: भारनियमनाचं वेळापत्रक, भागवार, वारवार, वर तारीख. दुसऱ्या वहीलाही तशीच. मशीनचं काम त्यावर चालायचं, म्हणून हाताशी असावं. श्रावणीने पानापानांचे फोटो काढले होते. वेष्टन काढून बघायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

तिथेच गच्चीच्या पायरीवर बसून आम्ही जुळवलं. मंगळवार, सव्वासात ते साडेनऊ भारनियमन, मोजणी पावणेआठ. शुक्रवार, साडेआठ ते पावणेअकरा, मोजणी सव्वानऊ. ढगांची आणि येळवशीची पानं सोडून, वेळापत्रक सापडलं अशी चाळीसेक पानं होती. दोन सोडून सगळी बसली.

मला वाटलं, नीलम्मा खूश होईल. ती तोंड पाडून बसली होती.

"मग माझं चुकलंच की, बाई. खोटं न्हाय, पर चुकीचं. अर्धं अंधारात मोजलं, अर्धं उजेडात. आणि लिवलं न्हाय."

मी काही बोलायच्या आत श्रावणी तिच्यासमोर उकिडवी बसली. "मावशी, सोलापुरातल्या चार पेठांचे दिवे मला मोजायचं आहे म्हणून दोन तास बंद करा, असं मी कुणाला सांगितलं तर?"

"येड्यात काडतील."

"तुम्ही सात वर्षं दर महिन्याला तेच केलंत. दिवे गेल्यावर सोलापूरला किती चांदण्या दिसायच्या, हे आख्ख्या जगात फक्त तुमच्या वहीत आहे. एकशे दहा. आता मला ते कोणतंही यंत्र सांगू शकत नाही."

नीलम्माने माझ्याकडे बघितलं. पोरीचं खरं की खोटं, हे बाईंनी सांगायचं, ही जुनी सवय. मी मान हलवली. या वेळी बघून हलवली.

खालून महेश्वरी ओरडली, "चांदण्यांसाठी लाईट घालवू नका हं परत! माझं पाच डझन बाकी हाय!"

तिचंही खरं आहे. अंधाराचे गोडवे गाणारी माणसं मला सहन होत नाहीत; त्यांच्या घरी इन्व्हर्टर असतो. भारनियमनात नीलम्माच्या घरी चूल पेटायला उशीर व्हायचा, कारण शिवलेला माल वेळेत जायचा नाही. त्या एकशे दहा चांदण्यांसाठी तिने जे दिलं ते मला ठाऊक आहे. मात्र गल्लीतल्या त्या पांढऱ्या दिव्याचा उजेड गच्चीवर आणि ढगांवर कुणासाठी पडतो? त्यात ना महेश्वरीची कड शिवून होते, ना कुणाला रस्त्यातला खड्डा दिसतो. दिव्याला वर टोपी आणि तोंड खाली, एवढ्याच गोष्टीसाठी मी महापालिकेला दोन पत्रं लिहिली आहेत. तिसरं लिहीन.

श्रावणीला एक शेवटची खात्री हवी होती. नीलम्माची नळी आणि तिचं यंत्र एकाच आकाशाखाली एकदा लावून बघायचं होतं, म्हणजे जुन्या आकड्यांचं भाषांतर नव्या मापात करता येईल. जागा ठरलेलीच होती.

यंदाच्या येळवशीला आम्ही वळसंगला गेलो. नीलम्माचा धाकटा भाऊ सिद्धाप्पा बांधावर वाट बघत होता. हरभऱ्याच्या शेतात कडब्याची खोप, खोपीत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, त्यांच्यापुढे अंबिलीचं बोळकं. मी ती शेंगा-पालेभाज्यांची भज्जी दोनदा घेतली आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली. त्याबद्दल कुणी बोलू नये. दिवस मावळल्यावर सिद्धाप्पाने कडब्याची चूड पेटवून शेताभोवती फिरवली. ती विझल्यावर नीलम्माने सगळ्यांना दटावलं. "आता कुणी मोबाईल काडायचा न्हाय. डोळं अंधारात मुरू द्या."

अंधारात बसलो. पण पूर्वीचा तो अंधार नव्हता. सोलापूरच्या बाजूचं आकाश क्षितिजाजवळ दूध सांडल्यासारखं फिकट, आणि हमरस्त्यावर एका उंच खांबावर दिव्यांचा झुबका. नीलम्माचे शेतातले आकडेही गेली सहा वर्षं उतरत आहेत, दोनशेवरून एकशे साठपर्यंत. पायरी नाही. उतार. अगदी श्रावणी म्हणते तसा.

श्रावणीने स्वतःसाठी एक नवी नळी कापून आणली होती, त्या वर्तुळाच्या मापाची. मलाही एक दिली. तिघींनी तीन बांध धरले आणि मोजलं. नीलम्माचा आवाज येत होता, "...हदिनेळु, हदिनेंटु..." सतरा, अठरा. यंत्र म्हणालं वीस पूर्णांक चार.

खोपीजवळ येऊन वह्या उघडल्या. लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात नीलम्माने लिहिलं: एकशे त्रेपन्न. खाली, वीस वर्षांत पहिल्यांदा: वळसंग, शेत.

श्रावणीचे एकशे एकोणसत्तर आले होते. तिने नीलम्माचा आकडा बघितला, थबकली आणि म्हणाली, "माझं जास्त आलं. उत्तरेकडच्या काही मी दोनदा धरल्या असतील. मी पण एकशे त्रेपन्नच..."

पेन्सिल कागदाला टेकली होती. नीलम्माचा पंजा वहीवर पडला.

"शेजारणीचं बघून लिवायचं न्हाय. तुला किती दिसल्या?"

"एकशे एकोणसत्तर."

"तेच लिव. तुझं तरुण डोळं हायत, दिसल्या असतील. माझं माझ्यापाशी."

श्रावणीने लिहिलं. मग बॅटरी माझ्याकडे वळली. मी वही मिटून घेतली, पण नीलम्मापुढे काही चालत नाही. तिने ती काढून घेतली आणि मोठ्याने वाचली.

"चौऱ्याहत्तर."

सिद्धाप्पा खोकला. श्रावणी आकाशाकडे बघू लागली.

"हेही लिवून घे गं," नीलम्मा तिला म्हणाली. "बाईंना दिसलं तेवढं बरोबरच हाय." मग माझ्या बाजूला सरकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, सोमवारी मी येते तुमच्याकडं. डोळं दाखवून घिऊ. आणि ते डॉक्टर काय म्हणत्यात ते ह्या टायमाला दोघी मिळून सगळं ऐकू."